वेटिंग लिस्टवाल्यांची रानशाळा

चार वर्षांच्या मुलांची नाकं पुसणं हा माझा व्यवसाय. व्हिजावर 'टीचर' असं लिहिलेलं असायचं आणि टीचर मी होतेच, पण दिवसातला बराच वेळ टिश्यूचा डबा काखेत मारून जायचा. म्हसळ्याला डी.एड. करून मी लग्नानंतर अजमानला आले आणि तिथल्या एका भारतीय शाळेत केजीच्या वर्गावर उमेदीची सगळी वर्षं घातली. मोठ्या वर्गांचे शिक्षक आम्हाला शिक्षक समजत नाहीत. त्यांना वाटतं, आम्ही दिवसभर गाणी म्हणतो. म्हणतोच. पण गाणं म्हणता म्हणता एकाची चड्डी बदलायची, दुसऱ्याच्या नाकातून वाटाणा काढायचा आणि तिसऱ्याला चावण्यापासून रोखायचं, हे गणित शिकवणाऱ्या सरांनी एकदा करून दाखवावं.

आखातातला केजीचा वर्ग कसा असतो, हे तिथे न राहिलेल्यांना सांगायला हवं. फ्रिजसारखा असतो. खिडक्या असतात, पण त्या उघडण्यासाठी नसतात. एसी सतत घुमत असतो, त्यामुळे बाई सतत ओरडत असते. मूल एसी फ्लॅटमधून लिफ्टनं खाली येतं, एसी बसमध्ये बसतं, एसी वर्गात येतं आणि त्याच वाटेनं परत जातं. 'सूर्य' आम्ही फ्लॅशकार्डवर शिकवायचो. पिवळा, हसरा, गॉगल घातलेला. डॉक्टर येऊन मुलांना तपासायचे आणि निम्म्या वर्गाला व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून द्यायचे. ज्या देशात सूर्य सुट्टीच घेत नाही, तिथे पोरांना ऊन बाटलीतून पाजायचं!

शाळेचे मालक नाडकर्णी साहेब. मूळ धंदा कॉन्ट्रॅक्टिंगचा. रास अल खोरला गोदामं बांधता बांधता त्यांना शाळा बांधावीशी वाटली, आणि ती गोदामासारखीच दिसायची. माणूस मात्र दिलदार. पगार वेळेवर, ईदला आणि दिवाळीला मिठाईचा डबा, आणि चिडले तरी पाच मिनिटांत विसरायचे. एका वर्षी केजीला इतके अर्ज आले की वर्ग पुरेनात. वरचा मजला चढवायची परवानगी काही मिळेना. वेटिंग लिस्टवरचे पालक रोज ऑफिसात येऊन बसू लागले. शाळेच्या मागे साहेबांचा एक रिकामा प्लॉट होता. त्यात गाफची जुनी झाडं होती. गाफ म्हणजे आपली शमीच. ती तोडायला तिथे बंदी असल्यामुळे तो प्लॉट तसाच पडून होता.

एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"नफीसा, युरोपात मुलं झाडाखाली शिकतात. माहीत आहे?"

"साहेब, आमच्या म्हसळ्यातही शिकायची. वादळात शाळेचं छप्पर उडालं की."

"ते वेगळं. ती गरिबी. हा कन्सेप्ट आहे."

मग त्यांनी मला हेल्गाबद्दल सांगितलं. हेल्गा नावाच्या या जर्मन बाई तिकडच्या रानातल्या बालशाळांमध्ये आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मुलगा दुबईला नोकरीत, म्हणून त्याच्याकडे राहायला आल्या आणि तिसाव्या मजल्यावर बसून कंटाळल्या. साहेबांना त्या कुठल्याशा शिक्षणाच्या प्रदर्शनात भेटल्या होत्या. प्रदर्शनात माणसं पुस्तकं घेतात, साहेबांनी हेल्गा आणली. माझा आतला वर्ग दुसऱ्या बाईंना देऊन मला हेल्गाच्या हाताखाली पाठवायचं ठरलं.

"का मी?"

"तू गावाकडची आहेस. तुला मातीची सवय."

याला बढती म्हणायचं की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

हेल्गा ताडमाड उंच. पांढरी वेणी, पुरुषी सँडल, गळ्यात शिट्टी. इंग्रजी बोलायची ती कवायतीला उभं केल्यासारखं, पण डोळे मिश्कील. मी तिला 'मॅडम' म्हणायला गेले तर म्हणाली, "हेल्गा. मी नवाब नाही." मला ती शेवटपर्यंत 'नफीझा' म्हणायची.

पहिली पालकसभा घेतली ती वेटिंग लिस्टवाल्यांची. त्यांना झाडाखालचा वर्ग नको होता. त्यांना सीट हवी होती. साहेबांनी सांगितलं होतं की, आत जागा झाली की पहिला हक्क तुमचा. म्हणजे आमचा वर्ग हा रेल्वेच्या वेटिंग रूमसारखा. गाडी आली की सगळे उठणार. अशा श्रोत्यांपुढे हेल्गा उभी राहिली आणि तिनं खुल्या शाळेची जन्मकथा सांगायला घेतली.

ती कथा मला फार आवडली, म्हणून इथे देते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनच्या कडेला, पाइनच्या रानात, एक शाळा निघाली. शहरातल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत वाढणारी अशक्त पोरं होती. डॉक्टर म्हणायचे, यांना हवा द्या. शिक्षक म्हणायचे, अभ्यास बुडतो. शेवटी दोघांनी मिळून वर्गच रानात नेला. थोडे धडे, मग पोटभर जेवण, मग आरामखुर्च्यांवर घोंगड्या पांघरून झोप, मग पुन्हा थोडे धडे. पोरं धडधाकट झाली आणि नापासही झाली नाहीत. बघता बघता दुसऱ्या देशांनीही तशा शाळा काढल्या. हेल्गाची आजी लहानपणी अशाच एका रानशाळेत होती. "गेली तेव्हा काडी होती," हेल्गा सांगायची, "परत आली तेव्हा भावाला मारण्याइतकी ताकद आली होती. पुढे आयुष्यभर मारत राहिली."

लोक हसले. वातावरण छान झालं. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मिसेस पाटणकरांनी हात वर केला. मनाली पाटणकर म्हणजे आमच्या शाळेच्या पालकांचं आकाशवाणी केंद्र. त्यांचा मुलगा विहान वेटिंग लिस्टवर पहिला होता.

"एक्स्क्यूज मी, त्या मुलांना आजार कुठला होता?"

हेल्गा खोटं बोलत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. "टीबी," ती म्हणाली. "किंवा टीबी होईल अशी भीती."

सगळे खाली मान घालून मोबाइलवर टाइप करायला लागले. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर बातमी फिरली की मागच्या प्लॉटवर टीबीच्या मुलांचा वर्ग निघतोय. संध्याकाळी मिसेस पाटणकरांचा मला फोन.

"नफीसा मॅम, खरं सांगा. त्या जर्मन बाईंना स्वतःला आहे का?"

"काय?"

"तेच ते."

"अहो, त्या रोज सकाळी समुद्रात पोहतात."

"मग नक्कीच डॉक्टरांनी सांगितलं असणार."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हेल्गाला बसवून समजावलं. "हेल्गा, प्लीज, यापुढे टीबी म्हणायचं नाही. 'इम्युनिटी' म्हणायचं." तिला तो शब्द पटला नाही, पण साहेबांनी तो मोठ्या अक्षरात ब्रोशरवर छापला आणि कमाल म्हणजे वर्ग भरला. तिच्या आजीच्या सगळ्या इतिहासानं जे झालं नाही, ते एका शब्दानं झालं.

नोव्हेंबरात वर्ग सुरू झाला. गाफच्या सावलीत चटया, पाण्याचे पिंप, एक मोठी ताडपत्री आणि लाकडी फळीचा फळा. मुलं बसमधून उतरली आणि रांगेत उभी राहिली. एका मुलीनं विचारलं, "मॅम, व्हेअर इज द डोअर?" दरवाजा नाही म्हटल्यावर ती रडायला लागली. दरवाजा नाही तर आपण घरी कसे जाणार, हा तिचा प्रश्न रास्तच होता.

विहान पाटणकर तर वाळूवर पाय ठेवायलाच तयार नव्हता. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं केलं होतं, तिथून तो खाली उतरेना.

"विहान, बेटा, कम डाउन."

"इट्स डर्टी."

"अरे, वाळू आहे ती."

"सँड इज डर्टी. मम्मा सेड."

मी गोंजारलं, बिस्कीट दाखवलं, गाणं म्हटलं. माझं सगळं ट्रेनिंग संपलं. हेल्गानं मात्र त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्याकडे पाठ करून ती बसली आणि बाकीच्या मुलांना घेऊन एक खड्डा खणायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खड्डा. मुलं ओरडत होती, किडे सापडत होते, कुणाला एक जुना डबा सापडला तर तो खजिना ठरला. विहान खुर्चीवर, मान ताणून. आणि खड्डा रोज थोडा थोडा खुर्चीकडे सरकत होता. एका सकाळी खुर्चीचा एक पाय काठावरून घसरला आणि विहान धप्पकन खड्ड्यात.

माझ्या डोळ्यांपुढे आधी मिसेस पाटणकर आणि मग माझं परतीचं तिकीट. विहान खड्ड्यात बसला होता. केसांत वाळू, तोंडात वाळू. त्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा वर खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाला,

"अगेन!"

मी नंतर हेल्गाला बाजूला घेतलं. "तू मुद्दाम खड्डा खुर्चीकडे नेलास ना?"

"नफीझा," ती गंभीरपणे म्हणाली, "याला शिक्षणशास्त्र म्हणतात."

हळूहळू मीही बदलत गेले. अक्षरं आम्ही काडीनं वाळूत काढायचो. चुकलं तर हातानं पुसायचं, त्यामुळे चुकायची भीती कुणालाच नव्हती. मोजायला गाफच्या शेंगा. गोष्ट सांगायला मुंग्या, कारण त्या रोज काहीतरी नवीन करायच्या. मला ओरडावं लागत नव्हतं, घुमायला एसीच नव्हता. आणि एक दिवस लक्षात आलं की टिश्यूचा डबा संपतच नाहीये. बंद खोलीत एकाची सर्दी सगळ्यांना प्रसादासारखी वाटली जायची. इथे ती वाऱ्यावर जायची. माझा मूळ व्यवसायच बसला म्हणा ना.

तक्रारी अर्थातच होत्या. वाळू टिफिनमध्ये, वाळू केसांत, वाळू कारपेटवर. मिसेस पाटणकर म्हणाल्या, "मॅम, आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर आता डेझर्ट सफारी चालू आहे." एक आजोबा रोज गेटवर येऊन विचारायचे, "शिकवायला कधी सुरू करणार?"

सर्वांत मजा आणली ती विमा कंपनीनं पाठवलेल्या सेफ्टीवाल्यानं. मिस्टर सामेह, इजिप्तचे, कडक इस्त्री, हातात टॅब. ते प्लॉटवर आले आणि चहूकडे बघून म्हणाले, "उस्ताझा, टीचर, फायर एक्झिट कुठे आहे?"

मी चारही दिशांना हात केला.

"नो, नो. साईन हवा. हिरवा. बाण असलेला."

"कुठे लावू? भिंत नाही."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "आग लागली तर मुलांना कुठे नेणार? इव्हॅक्युएशन पॉइंट?"

"सगळ्या शाळेचा इव्हॅक्युएशन पॉइंट हाच प्लॉट आहे, सर. आम्ही आधीपासूनच तिथे आहोत."

"हबीबती, तसं चालणार नाही. वर्ग म्हणजे आत. इव्हॅक्युएशन म्हणजे बाहेर. तुम्ही बाहेर आहात, तर तुम्हाला निघून कुठेतरी जायला हवं ना!"

हेल्गा हे ऐकून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. शेवटी तोडगा निघाला. आग लागल्यास आमच्या वर्गानं रांगेत शाळेच्या इमारतीत शिरायचं. फायर ड्रिलच्या दिवशी सगळी शाळा बाहेर पळत होती आणि आमची पोरं रांग धरून आत चालली होती. मिस्टर सामेहनी समाधानानं टॅबवर टिक केली. जाताना मात्र ते थांबले, बूट काढले आणि थोडा वेळ गाफखाली अनवाणी उभे राहिले. "माझ्या आजोबांकडे शेत होतं," एवढंच म्हणाले आणि बूट घालून गेले.

मार्चपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिल आला तसा सूर्य आपल्या मूळ स्वभावावर गेला. साहेबांनी तोपर्यंत एक जंगी पांढरा तंबू उभारला. चारी बाजूंनी बंद, प्लास्टिकच्या खिडक्या, दोन दणदणीत एसी. वर बोर्ड: 'ओपन एअर पॅव्हिलियन'.

हेल्गानं बोर्ड वाचला. तंबूला एक चक्कर मारली. "यात ओपन काय आहे?"

"दाराची चेन उघडते ना," साहेब म्हणाले.

"आणि एअर?"

"एअर आत आहे. बावीस डिग्री."

त्या दोघांचं त्या दिवशी जे भांडण झालं, त्यात साहेब मराठीत आणि हेल्गा जर्मनमध्ये ओरडत होती आणि दोघांनाही एकमेकांचं अक्षर न् अक्षर कळत होतं. ती म्हणत होती, हा माझ्या आजीचा अपमान आहे. साहेब म्हणत होते, तुझ्या आजीला अजमानला एप्रिलमध्ये आण, मग बोलू.

मुलांच्या बाबतीत हेल्गा कधीच हट्टी नव्हती, हे सांगायला हवं. सकाळचा पहिला तास बाहेर घेऊन ती मुलांना माझ्याबरोबर तंबूत पाठवायची. स्वतः मात्र आत यायची नाही. गाफखाली टोपी घालून ताठ बसून राहायची. सत्याग्रहच होता तो. मी पाणी नेऊन द्यायचे. "हेल्गा, यल्ला, आत चल." ती नुसती मान हलवायची.

एका दुपारी मी तंबूत गोष्ट सांगत होते. विहान प्लास्टिकच्या खिडकीला नाक लावून उभा होता. तो म्हणाला, "मॅम, मिस हेल्गा इज स्लीपिंग राँग."

"म्हणजे?"

"राँग. हर हॅट इज डाउन."

मी बघितलं आणि धावले. हेल्गा एका अंगावर कलंडली होती, चेहरा लालभडक, डोळे अर्धवट मिटलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नर्सला हाका मारायला लागले. मागून सगळी पोरं बाटल्या घेऊन बाहेर आली. 'आत जा' म्हणून मी ओरडले, पण कुणी ऐकायला तयार नाही. कार्टूनवाल्या, स्ट्रॉवाल्या, शिट्टी वाजणाऱ्या, सगळ्या बाटल्या त्यांनी तिच्या अंगावर रिकाम्या केल्या. विहान मात्र तिच्या पायाशी बसला आणि त्यानं आपली बाटली नीट, हळूहळू तिच्या पावलांवर ओतली. मान टाकलेल्या रोपाला पाणी मुळाशी घालायचं, हे तिनंच त्यांना शिकवलं होतं.

मला रडू येत होतं आणि त्यातच हसूही येत होतं. अशी वेळ कधी कुणावर येऊ नये.

नर्सनं आणि ड्रायव्हरनं तिला उचलून तंबूत नेलं, थेट एसीच्या झोताखाली ठेवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओल्या टॉवेलांवर टॉवेल. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. वर बघितलं.

"हे कोणी लावलं?"

"साहेबांनी," मी म्हटलं. "बंद करू?"

तिनं डोळे मिटून घेतले. "राहू दे."

हॉस्पिटलमध्ये तिला सलाईन लावलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. पण कुणीतरी गेटवरून व्हिडिओ काढलेला होता. जमिनीवर पडलेली हेल्गा, तिच्याभोवती पाणी ओतणारी पोरं. व्हॉट्सॲपवर तो फिरला आणि साहेबांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता.

"नफीसा, खलास. बंद करू या. आज बाई पडली, उद्या मूल पडलं तर मी तोंड कुठे लपवू?"

ते बरोबरच होते. माझा आतला वर्ग दुसऱ्या बाईंकडे पक्का झालेला होता. म्हणजे बाहेरचा वर्ग गेला की मीही गेले, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही. पण खरं सांगते, नोकरीपेक्षाही मला त्या पोरांना परत फ्रिजमध्ये ठेवण्याचं जास्त वाईट वाटत होतं.

पालकांची सभा बोलावली. हॉल गच्च. पाठीमागे उभे राहिलेले वडील आधीच बाह्या सरसावून होते. एकानं विचारलं, "मुलांच्या जिवाशी खेळ चाललाय का?" दुसरा म्हणाला, "हे जर्मनीत ठीक आहे, इथे नाही." हेल्गा एका कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, जरा उतरलेली. साहेबांनी 'बंद' हा शब्द उच्चारायच्या आत ती उठली.

"मी तुम्हाला माझ्या आजीच्या शाळेची गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "त्यातला एक भाग सांगितला नाही. ती शाळा थंडीत बंद व्हायची. बर्फात मुलं परत शहरातल्या शाळेत जायची. मला तो भाग आवडत नाही, म्हणून मी तो गाळते. हवेलाही सीझन असतो. मी इथे ते मान्य केलं नाही आणि माझं डोकं तापलं. चूक उन्हाची नव्हती."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मघाचाच बाप म्हणाला, "म्हणजे तुमचा हिवाळा तो आमचा उन्हाळा?"

"अगदी तेच."

साहेबांनी घसा खाकरला. "ते सगळं ठीक. पण मी पालकांवर जबरदस्ती करणार नाही. आत दोन सीट रिकाम्या झाल्या आहेत. ठरल्याप्रमाणे पहिला हक्क मिसेस पाटणकरांचा."

सगळ्यांच्या माना वळल्या. मनाली पाटणकर उठल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"मला ते जर्मनी-बिर्मनी काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "इम्युनिटी पण कळत नाही. गाडीत वाळू आहे, ती जात नाही. पण आमचा विहान रात्री अकरापर्यंत झोपायचा नाही हो! आयपॅड काढून घेतला की भिंतीवर डोकं आपटायचा. मी आणि याचे पप्पा आलटून पालटून जागत होतो. नोव्हेंबरपासून तो नऊला झोपतो. जेवता जेवता झोपतो! वर्षभरानं आम्ही दोघं रात्री बसून एकमेकांशी बोललो." त्या जरा लाजल्या, पण थांबल्या नाहीत. "मला आतली सीट नको. उन्हाळ्यात आत ठेवा, बर्फात ठेवा, कुठेही ठेवा. पण नोव्हेंबर आला की ह्याला बाहेर काढा. प्लीज."

मागून एका आईचा आवाज आला, "आमची पण झोपते." मग दुसरी, "आमचा तर बसमध्येच." मग हॉलभर तेच. शिक्षणशास्त्र, इतिहास, आजी, सगळं राहिलं बाजूला. पोरं झोपतात, या एकाच मुद्द्यावर आयांनी सभा जिंकली. बाह्या सरसावलेले बाप हळूहळू बाह्या खाली करायला लागले.

साहेब शेवटी कॉन्ट्रॅक्टर माणूस. त्यांना निर्णय लांबवलेला आवडत नाही. "नोव्हेंबर ते मार्च बाहेर," ते म्हणाले, "बाकी आत. पॅव्हिलियनचा बोर्ड उद्या काढतो. यल्ला, चहा घ्या."

अशी आमची रानशाळा वाचली. पुढे कितीतरी हिवाळे चालली. मुलाची बदली झाली तशी हेल्गा जर्मनीला परत गेली, आणि मग वर्ग माझ्या एकटीच्या हातात आला. शिट्टी ती मला देऊन गेली. मला ती नीट वाजवता येत नाही, फुस्स असा आवाज येतो, पण पोरं त्यालाही घाबरायची.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. पुढे पुढे उलटं झालं. बाहेरच्या वर्गालाच वेटिंग लिस्ट लागली. विम्याच्या नियमात किती मुलं बसतात ते ठरलेलं, त्यामुळे जास्त घेता येईनात. बाहेर नंबर लागला नाही म्हणून आत बसलेली पोरं खिडकीतून आमच्याकडे बघायची. आकाशाखाली जागा शिल्लक नाही, असं तोंड वर करून पालकांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. ते मी वर्षानुवर्षं केलं. त्या खिडकीकडे बघायचं मात्र मी टाळायचे.

आता शेवटचं. माझ्या निवृत्तीच्या वर्षी आम्ही वर्गात 'आमच्या घरातली माणसं काय काम करतात' असा उपक्रम घेतला. कुणाचे वडील बँकेत, कुणाची आई डेंटिस्ट. सगळे येऊन मुलांशी बोलून गेले. मुलं म्हणाली, नफीसा मॅम, तुमच्या घरचं कोण येणार? म्हणून मी माझ्या नवऱ्याला घेऊन आले.

इक्बाल दुबईला जबल अलीच्या बंदरावर कंटेनर यार्डात होते. अख्खी नोकरी तिथेच. पहाटे कंपनीच्या बसनं जायचं, अंधार पडल्यावर यायचं, आणि मधला सगळा वेळ डांबरावर. आत एसी केबिनमधली नोकरी त्यांना वर्षानुवर्षं मिळाली नाही, आणि शेवटी मिळाली तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. घरी ते यार्डाबद्दल बोलत नाहीत. यायला तयार नव्हते. "मी काय सांगू त्यांना? डबे मोजले, अजून काय!" तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि गाफखाली मुलांच्या छोट्या स्टुलावर अवघडून बसले.

एक मुलगी सरसावून पुढे आली. "अंकल, व्हेअर वॉज युवर ऑफिस?"

"नो ऑफिस, बेटा. आउटसाइड."

"आउटसाइड? लाइक अस?"

इक्बालनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "येस. लाइक यू."

"ओन्ली मॉर्निंग?"

"फुल डे."

मुलांमध्ये कुजबुज झाली. आता सगळे पुढे सरकले.

"इव्हन इन समर?" एकानं अविश्वासानं विचारलं. आम्हाला तर एप्रिलमध्ये आत घेतात, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"इव्हन इन समर."

"एव्हरी डे?"

"फ्रायडे हॉलिडे. बाकी एव्हरी डे."

त्या मुलीनं दोन्ही हात गालांवर ठेवले आणि मनापासून, हेवा वाटून म्हणाली, "यू आर सो लकी!"

मला वाटलं, आता हे उठून जातील. पण इक्बाल हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरं पण हसायला लागली, का ते माहीत नसताना. घरी जाताना गाडी सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले,

"काय गं, उद्या पण बोलावतात का?"